पिंजरा आणि छप्पर

गेल्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या सुटीवर पुण्यात आला होता. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे तो संगणक अभियंता म्हणून काम करतो. दारात मोटार उभी असताना हा गृहस्थ कामावर मोटारसायकलने जातो, याचे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना मोठे आश्चर्य वाटते. 'एवढं शिकून शेवटी फटफटीच का रे?' हा प्रश्न त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, याही खेपेस त्याला विचारला. त्यावर तो नेहमीप्रमाणे नुसता हसला.

एका संध्याकाळी त्याला घेऊन मी मोटारीने कर्वे रस्त्याने निघालो. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो आणि क्षणार्धात आमच्याभोवती दुचाक्यांचा वेढा पडला. कोणाचा आरसा आमच्या आरशाला घासत होता, कोणाची भाजीची पिशवी दाराला टेकली होती. भाचा काचेतून हा सारा देखावा पाहत होता. एकदम म्हणाला, "मामा, तू पण शेवटी केजर झालास की!"

शब्द मला नवा होता. इंग्रजीत केज म्हणजे पिंजरा. अमेरिकेतील मोटारसायकलस्वार आपापसांत बोलताना मोटारीला 'केज' म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला 'केजर'. चारी बाजूंनी पत्रा आणि काच, डोक्यावर छप्पर, कमरेला पट्टा. आत कोंडलेला जीव. तो पिंजरा आणि त्यात बसलेला हा पिंजरेवाला. मराठीत शब्द घडवायचा झाला तर त्या आडनावाच्या मंडळींची क्षमा मागून 'पिंजरकर' म्हणता येईल. गंमत अशी की हाच 'केजर' शब्द अमेरिकी वृत्तपत्रे एके काळी बास्केटबॉल खेळाडूंसाठी सर्रास वापरत. कारण त्या खेळाच्या आरंभीच्या काळात मैदानाभोवती जाळी उभारलेली असे. तेथे तो शब्द निरुपद्रवी होता. रस्त्यावर येताच त्याला काटे फुटले.

कुतूहल म्हणून मी थोडी अधिक चौकशी केली. जर्मन मोटारसायकलस्वार मोटारीला जे म्हणतात त्याचा सरळ अर्थ पत्र्याचा डबा असा आहे, आणि मोटारचालक म्हणजे डबेवाला. (मुंबईच्या डबेवाल्यांनी हे मनावर घेऊ नये.) फ्रेंचांकडे मोटारीला बोलीभाषेत पेटी म्हणतात आणि मोटारसायकलस्वारांनी त्यावरून पेटीवाल्यासाठी एक खास हेटाळणीचा शब्द बनवला आहे. पिंजरा, डबा, पेटी! तीन भाषा, तीन समाज, पण प्रतिमा एकच, बंदिस्तपणाची. वाऱ्यावर स्वार झालेल्या माणसाने बंद पेटीतल्या माणसाकडे टाकलेला हा कटाक्ष आहे.

पेटीतला माणूसही स्वस्थ बसलेला नाही. जर्मनीत मोटारसायकलस्वाराला 'अवयवदाता' म्हणण्याची प्रथा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील रुग्णालयांत मोटारसायकलीला 'डोनरसायकल' म्हणतात. विनोद काळा आहे. हा तरुण आज ना उद्या मरणार आहेच, तेव्हा त्याचे मूत्रपिंड तरी कोणाच्या कामी येवो, असा त्याचा भावार्थ. 'केजर' या शब्दात तुच्छता आहे खरी, पण या दुसऱ्या शब्दात जी थंड बेफिकिरी आहे, तिच्यापुढे ती काहीच नाही असे मला वाटते.

अमेरिकेत हा शब्द का रुजला, हे समजून घेण्यासाठी तेथील मोटारसायकलस्वाराचे समाजातील स्थान पाहावे लागते. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला. तेथे दारू पिऊन काहींनी धुडगूस घातला. 'लाइफ' साप्ताहिकाने बाटल्यांच्या राशीत मोटारसायकलवर रेललेल्या इसमाचे छायाचित्र छापले आणि साऱ्या देशाच्या मनात मोटारसायकलवाला म्हणजे गुंड हे चित्र ठसले. पुढे १९५३ साली मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट आला आणि त्या चित्राला झळाळी मिळाली. महायुद्धानंतरची अमेरिका एकीकडे उपनगरांत घरे बांधून मोटारी घेत होती, आणि तिच्यातले मूठभर लोक दुसरीकडे जाणीवपूर्वक दोन चाकांवर बसत होते. आजही त्या देशातील नोंदणीकृत वाहनांत मोटारसायकलींचे प्रमाण शेकडा तीन-चारच्या घरात आहे. पण रस्त्यावरील मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे पंधरा टक्क्यांचा. २०२२ या एका वर्षात तेथे ६,२१८ मोटारसायकलस्वार मृत्युमुखी पडले. अल्पसंख्य समूह नेहमीच स्वतःची भाषा घडवतो, बहुसंख्यांना टोपणनावे देतो. समोरून येणाऱ्या अनोळखी मोटारसायकलस्वाराला डावा हात खाली सोडून अभिवादन करण्याची रीत तेथे आहे. फ्रान्समध्ये तर उजवा हात मुठीवर गुंतलेला असतो म्हणून पाय बाहेर काढून आभार मानतात. आपल्याकडे कोणी असे अभिवादन करू लागला तर नळ स्टॉपपासून डेक्कनपर्यंत त्याचा हात खाली येणारच नाही.

या शब्दामागे केवळ रागलोभ नाहीत, अनुभवाचा भक्कम आधार आहे, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि सुमारे ३,६०० पोलिसी अहवाल चाळले. १९८१ साली प्रसिद्ध झालेला तो अहवाल 'हर्ट रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो. त्यात असे आढळले की, मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलस्वाराचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता. म्हणजे सरळ येणाऱ्यापुढे त्याने आपली गाडी वळवली होती. आणि कारण काय? तर तो दिसलाच नाही. (त्याच अहवालात असेही आहे की, बहुतेक स्वारांनी कधी रीतसर शिक्षण घेतले नव्हते आणि प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत मद्याचा संबंध होता. हा भाग मोटारसायकलवाले सहसा सांगत नाहीत.)

'दिसलाच नाही' हे वाक्य इंग्लंडमध्ये इतके नित्याचे झाले की, तेथील मोटारसायकलस्वारांनी त्याच्या आद्याक्षरांचाच एक शब्द करून टाकला, 'स्मिड्झी'. 'सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू'. माफ कर मित्रा, तू मला दिसला नाहीस. धडक देणारा मोटारीतून उतरतो, रस्त्यावर पडलेल्याकडे धावतो आणि पहिले वाक्य हे उच्चारतो. या अपघाताला तिकडे नावच 'स्मिड्झी' पडले आहे.

आता यात खोटे काही नसते. तो खरोखरच दिसलेला नसतो. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे दोन खांब असतात, ते गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून जाड केलेले असतात. अशा एका खांबाआड अख्खी मोटारसायकल स्वारासह लपते. आणि वळताना तुमचा व तिचा वेग जुळला तर बराच वेळ लपूनच राहते. शिवाय लहान वस्तू दूर आहे, हळू येत आहे, असे मानवी मेंदूला वाटते. त्याहूनही मोठा अडथळा अपेक्षेचा आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना फेकी मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंतून चालत गेली, थांबून छाती बडवून गेली. जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, काच स्वच्छ होती. मन दुसरे काही मोजत होते. मोटारीत बसलेला माणूस मोटारी मोजत असतो. मोटारसायकल त्याच्या हिशेबातच नसते.

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकी लेखकाने आपला मुलगा ख्रिस याला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत मोटारसायकलने प्रवास केला आणि त्यावर १९७४ साली 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे गाजलेले पुस्तक लिहिले. मोटारीच्या काचेतून दिसणारे जग हे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणाऱ्या जगाच्या जातीचे आहे, असा विचार त्याने त्यात मांडला आहे. पडद्यावरच्या माणसाला धक्का लागेल अशी भीती कोणाला वाटते? 'केजर' या शब्दात जे सत्य आहे, ते एवढेच आणि इतके आहे.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, त्याला एक कारण आहे. सात-आठ वर्षांपूर्वी टिळक रस्त्यावर औषधाच्या दुकानासमोर मी गाडी उभी केली आणि दार उघडले. आरशात पाहिले नाही. मागून येणाऱ्या एका तरुणाने मोटारसायकल कशीबशी उजवीकडे कापली. त्याच क्षणी शेजारून बस जात होती. बस आणि तो यांच्यामध्ये किती अंतर राहिले होते, हे मी आजही मनात मोजतो. पुढे जाऊन त्याने गाडी थांबवली, उतरला आणि चालत मागे आला. आता शिवी येणार, कदाचित हातही उठणार, म्हणून मी दाराआड उभा राहिलो. माझ्या तोंडून निघाले, "दिसलाच नाहीस रे." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "काका, आरशात बघत जा हो. घरी लहान मुलगी आहे माझी." एवढे बोलून निघून गेला. औषध घ्यायचे विसरून मी तसाच घरी परतलो.

'स्मिड्झी' हा शब्द पुढे जेव्हा कानावर आला, तेव्हा टिळक रस्त्यावर मराठीत उच्चारलेले माझे वाक्य मला त्यात ऐकू आले. आणि दुसरेही काही लक्षात आले. त्या तरुणाने मला 'काका' म्हटले होते. ज्याच्यामुळे आपण बसखाली गेलो असतो, त्याला!

आपल्या भाषेने वाहनांना टोपणनावे कमी दिलेली नाहीत. उलट त्या बाबतीत मराठीची प्रतिभा मोठी उधळ्या हाताची आहे. नुसत्या आवाजावरून मोटारसायकलीची फटफटी झाली. एसटीची गाडी लाल डबा झाली. सातारा-कोल्हापूरकडे माणसे कोंबून नेणारी जीप म्हणजे वडाप. तीनचाकी टेम्पोच्या पुढे आलेल्या तोंडामुळे त्याला गावोगावी डुक्कर म्हणू लागले आणि बायाबापड्याही 'डुकरातून आलो' असे बिनदिक्कत सांगू लागल्या. काळी-पिवळी, टमटम, खटारा, डबडे! यांपैकी बरीच नावे टिंगलीची आहेत, पण ती वाहनाची टिंगल आहे आणि ती करणारा बहुधा त्याच वाहनात बसलेला असतो. लाल डब्याला डबा म्हणणारे आपण सारे त्या डब्यातलेच. खिडकीशी रुमाल टाकून जागा धरणारे आपणच. जर्मनांच्या डब्यात 'ते' असतात, आपल्या डब्यात 'आपण' असतो. आगगाडीचाही डबाच असतो आपल्याकडे, आणि त्यात चौथी सीट देण्यासाठी सरकून बसण्याचा धर्म अजून पुरता बुडालेला नाही.

'गाडी' हाच शब्द पाहा. पुण्यात 'गाडी काढतो' म्हटले की दुचाकी काढली की चारचाकी, हे समोरच्याला घरची परिस्थिती ठाऊक असेल तरच कळते. दोन्हींना एकच शब्द. मोटार व मोटारसायकल यांच्यात भाषेने भिंत घातलेली नाही.

का घातली नसावी? माझ्या मते याचे उत्तर आमच्या वडिलांच्या चेतकमध्ये आहे. बजाजची स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, तो काळ. वडिलांचा क्रमांक लागला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि स्कूटरला हार घालून पेढे वाटले होते. पुढे धाकटी बहीण हँडल धरून उभी, मग वडील, मध्ये दबलेला मी आणि मागे एका अंगाला बसलेली आई. पावसाळ्यात आई एकच मोठे प्लॅस्टिक आम्हा सर्वांवरून ओढून घेई आणि वडिलांच्या चष्म्यावरचे पाणी पुसायला कोणाचाच हात मोकळा नसे. अशा वेळी शेजारून एखादी फियाट गेली की, आम्हा मुलांना ती पिंजरा वाटली नाही. ते छप्पर होते.

दिवंगत रतन टाटा यांनी जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात नॅनो सादर केली. पावसात स्कूटरवरून जाणारे असेच एक कुटुंब पाहून या मोटारीची कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले. नॅनो व्यवसायात टिकली नाही, तो विषय वेगळा. पण त्या गाडीमागचे चित्र पाहिले की भारतातील मोटारचालक कोण आहे, हे उमगते. तो कालचा स्कूटरवाला आहे. अमेरिकेत माणूस घरातल्या मोटारीतून उतरून हौसेने मोटारसायकलवर बसतो. येथे दुचाकीवरून उतरून, हप्ते फेडत, आई-वडिलांना उन्हापावसातून न्यायचे म्हणून तो मोटारीत शिरतो. आपल्याकडील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाक्याच आहेत. येथे दुचाकीस्वार हा अल्पसंख्य पंथ नाही, तो समाजच आहे. बहुतेक घरांत दोन्ही वाहने एकाच जिन्याखाली उभी असतात. तेव्हा 'केजर' म्हणायचे कोणी आणि कोणाला?

परंतु हल्ली तेही म्हणू लागले आहेत. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातील एका टपरीवर चहा घेत असताना दहा-बारा तरुण स्वारांचा जथा येऊन थांबला. अंगात जाडजूड जाकिटे, गुडघ्यांना कवचे, गाड्या पाहण्यासारख्या. ही सारी आयुधे त्यांनी वापरावीत हे चांगलेच आहे. हेल्मेटच्या नावाने गळा काढणाऱ्या आम्हा पुणेकरांपेक्षा ती पोरे शहाणी. तेवढ्यात एक जुनी, लहानशी मोटार वळण चुकून रस्त्यात अडकली. चालवणारा घामाघूम, मागे दोन म्हाताऱ्या, एक तान्हे मूल, टपावर बांधलेल्या पिशव्या. बहुधा देवदर्शनाला निघालेले कुटुंब. जथ्यातील एक जण म्हणाला, 'टिपिकल केजर!' आणि बाकीचे हसले. त्याच्या मोटारसायकलीच्या किमतीत तसल्या तीन-चार जुन्या मोटारी सहज आल्या असत्या.

माझा आक्षेप येथे आहे. शब्द परका आहे म्हणून नव्हे. टेबल, स्टेशन, पंक्चर हे शब्द आपण पचवलेच आहेत. पण 'केजर' हा शब्द अमेरिकेत दुबळ्याने सबळाला दिलेला टोमणा आहे. तेथे त्याला मृत्यूच्या आकड्यांचे वजन आहे. तोच शब्द ताम्हिणी घाटात उतरताना उलटा झाला. चैनीसाठी दोन चाकांवर बसलेल्याने गरजेपोटी चार चाकांत कोंबलेल्यांना तो मारला. उसन्या शब्दाबरोबर उसने वैरही आले, आणि त्या वैराचे येथे काही कारणच नव्हते.

याचा अर्थ आपल्या रस्त्यांवर सारे काका-पुतणे सुखाने नांदत आहेत, असे मला म्हणायचे नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवर होती. म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार. अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांना एक कडवट शब्द घडवण्याचा अधिकार असेल, तर आपल्याकडच्या दुचाकीस्वारांना अख्खा कोश रचण्याचा अधिकार आहे. पण त्यांनी तो रचलेला नाही. मी ज्या दुचाकीवाल्यांना ओळखतो, त्यांत सकाळी सहाला दूध टाकणारा आहे, पाठीवर चौकोनी पेटी बांधून जेवण पोहोचवणारा आहे, मुलीला शिकवणीला सोडणारी आई आहे. मोटारवाल्यांसाठी खास शब्द शोधायला त्यांना सवड नसावी.

आपल्याकडील हेटाळणी वरून खाली वाहते. 'हे टू-व्हीलरवाले मुंग्यांसारखे कुठूनही येतात' हे वाक्य मोटारीत बसून मी स्वतः उच्चारलेले आहे. पंचवीस वर्षे तीच मुंगी असूनही. 'वाला' हा आपला प्रत्यय मुळात सरळमार्गी. दूधवाला, भाजीवाला. पण रस्त्यावर 'ए रिक्षावाल्या' म्हणताना त्याच प्रत्ययाचा दगड होतो. 'अहो' आणि 'ए' यांच्यात अख्खा समाज उभा असतो. गाडीच्या क्रमांकावरून माणसाची जात काढण्याची नवी रीतही आलीच आहे. पुण्याच्या बारा क्रमांकाने पिंपरी-चिंचवडच्या चौदा क्रमांकाला हसायचे आणि चौदाने बाराला. त्यातली निदान बरीचशी थट्टा तरी असते. सर्वांत वाईट शब्द मात्र स्कूटर चालवणाऱ्या मुलींसाठी हिंदीतून आला आणि मराठी घरांतही स्थिरावला, 'पापा की परी'. पाय जमिनीला टेकवून गाडी थांबवणारी मुलगी दिसली की लोक चित्रफीत काढतात आणि हे नाव देऊन सर्वत्र धाडतात. एका पिढीपूर्वी आई मागे एका अंगाला बसत असे. आज तिची नात हँडल हाती घेऊन स्वतः कामावर जाते, यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून समजलेले नाही. 'केजर' म्हणणाऱ्या अमेरिकनाकडे निदान रुग्णालयातील खाटांचा पुरावा आहे. या शब्दाकडे काय आहे?

हे सारे मी भाच्याला त्या संध्याकाळी ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तुला ते वाटतं तसं भांडण नाहीये. तिकडे गर्दीत रांगांच्या मधून मी जातो ना, तेव्हा कितीतरी जण स्वतःहून गाडी बाजूला घेतात." कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा करून मोटारसायकलीने मोटारींच्या दोन रांगांमधून जाण्याला रीतसर मान्यता दिली आहे, त्याला तिकडे 'लेन स्प्लिटिंग' असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे त्याला वेगळे नाव नाही. त्याला 'जाणे' म्हणतात.

दोन दिवसांनी त्याला रविवारात काही खरेदी करायची होती. मी मोटारीने सोडतो म्हटले, तर त्याने माझ्या जुन्या स्कूटरची किल्ली मागितली. आजीने भुवया उंचावल्या. तो गेला आणि दीड तासाने परत आला तो काहीसा ओशाळलेला.

जाताना लक्ष्मी रस्त्यावर एक मोटारवाला त्याच्या मागे लागला होता. सारखा हॉर्न वाजवत होता. याने रस्ता दिला तरी तो पुढे जाईना. मागे राहून पुन्हा हॉर्न. याचे डोके फिरले. पुढच्या चौकात मोटार शेजारी आली, काच खाली झाली. हा दोन शब्द सुनवायला वळला. आत साठीचे गृहस्थ होते, शेजारी त्यांची पत्नी. ते दोघेही एकदम हात करून ओरडले, "अहो दादा, स्टँड! स्टँड खाली राहिलंय!"